पावण्यांना चहा पाजा

झुंबरबाईनं फेकलेला जेवणाचा डबा स्वप्नालीच्या कानाजवळून गेला आणि दाराच्या चौकटीवर आदळून उघडला. आमटी भिंतीवर, चपात्या उंबऱ्यात. सकाळचे साडेपाच वाजले होते. स्वप्नाली खाकी गणवेशात, खांद्याला पैशाची चामडी पिशवी अडकवून उभी होती. सून रडणारी असती तर गोष्ट तिथंच मिटली असती. पण ही एसटीची कंडक्टर. तिनं चपात्या गोळा केल्या, फुंकर मारून डब्यात घातल्या आणि डब्याची कडी लावली.

“आई, एकच इचारलं. आज पाचला पिऊला आणाल काय?”

“पाचला माझी धार असती. म्हशींनी तुझ्या साहेबाकडं रजेचा अर्ज टाकलेला न्हाय अजून.”

कृष्णात, म्हणजे झुंबरबाईचा लेक आणि स्वप्नालीचा नवरा, आतल्या खोलीत झोपेचं सोंग घेऊन पडला होता. तो एमआयडीसीत लोखंडाच्या भट्टीवर कामाला. दोन बायांच्या मधे जाण्यापेक्षा वितळलेल्या लोखंडाजवळ उभं राहणं त्याला सोपं वाटायचं. लोखंड निदान सांगून उडतं.

भांडण होतं एका तासाचं. कृष्णात त्या महिन्यात दुसऱ्या पाळीला, दुपारी दोनला घर सोडायचा. स्वप्नालीची चंदगडची गाडी सहाच्या आधी परत येत नव्हती. चार वर्षांची पिऊ दिवसभर शालूबाईच्या पाळणाघरात असायची, आणि शालूबाई पाचला दार लावून मेसवर चपात्या लाटायला जायची. पाच ते सहा. त्या तासाला घरात कुणीच मालक नव्हता. त्या एका तासापायी ह्या घरात दोन कपबशा, एक आरसा आणि कितीतरी मनं फुटली होती.

झुंबरबाईला वाटायचं, एवढा बोभाटा कशाला. तिचा नवरा गेला तेव्हा कृष्णात दोन वर्षांचा. तिनं त्याच्या कमरेला दोरी बांधून त्याला गव्हाणीत बसवलं आणि बत्तीस वर्षं गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हशी उभ्या करून दूध काढलं. तालमीतले पैलवान, रिक्षावाले, वकील, सगळे तिच्यापुढं पेला धरून उभे. एकदा म्हशीनं लाथ घातली आणि पोराच्या कपाळाला खोक पडली. ती खूण ती आजही मेडलासारखी दाखवायची. म्हणायची, खोक पडली, पण पोरगं मेलं न्हाय.

सुनेचा तिला अभिमान नव्हता असं नाही. गाडीत एका दारुड्यानं स्वप्नालीच्या खांद्याला हात घातला, तेव्हा तिनं तिकिटाचं मशीन हाणून त्याचे दोन दात पाडले होते. पुढं चौकशी लागली. त्या दिवशी झुंबरबाईनं गल्लीत पेढे वाटले. पण ते गल्लीत. घरात तिनं सुनेला एवढंच सांगितलं, की दात पाडणाऱ्या बाईच्या हातची भाकरी मऊ होत नाही.

एका गोष्टीवरून मात्र ती सुनेला रोज टोचायची. गाडीतली भाषा ही घरात आणते. गाडीत जो चढेल तो स्वप्नालीचा पावणा. पावणं, फुडं सरका. पावणं, सुट्टं द्या. तेच तोंड घरी. गॅसवाला पावणा, मीटर बघायला आलेला पावणा. झुंबरबाई म्हणायची, ही एक दिवस नवऱ्यालाबी अर्धं तिकीट काढंल.

आणि एक गोष्ट झुंबरबाईची स्वतःची होती, जी कुणालाच ठाऊक नव्हती. तिला वाचता येत नव्हतं. सही येत होती, बचत गटातल्या बाईनं महिनाभर बसून शिकवलेली, ऐटबाज, खाली दोन टिंबं. पण सही सोडून एक अक्षर नाही. रोज सकाळी कट्ट्यावर ती पेपर उघडायची, एकेक पान सावकाश बघायची, मान हलवायची, ‘काय खरं न्हाय बाबा’ म्हणून घडी घालायची. लोकांना वाटायचं बाईला जगाची खबर आहे. सहा वर्षं एका छताखाली राहून सुनेलाही कळलं नव्हतं.

डबा फेकला त्याच दिवशी, गुरुवारी, कट्ट्यावर पृथ्वीराजनं फोनवर एक चित्रफीत दाखवली. पृथ्वीराज गल्लीतल्या तालमीचा पैलवान, बावीस वर्षांचा, झुंबरबाईच्या दुधावर वाढलेला. चित्रफितीत माणसं काठ्यांनी दोघांना झोडपत होती. कुठलं गाव, कुठलं साल, काही कळत नव्हतं. खाली लिहिलेलं पृथ्वीराजनं सांगितलं, पोरं पळवणारी टोळी हाय, आपल्याकडंबी शिरलीया. झुंबरबाईनं ते दोनदा बघितलं. म्हणाली, बरं हाणलं.

पावणेपाचला तिचा फोन वाजला. पडद्यावर गणवेशातली स्वप्नाली. झुंबरबाईनं फोन कापला. परत वाजला, परत कापला. तिसऱ्यांदा कापताना तर तिला गोड वाटलं. आता गरज लागली काय. लाग म्हणावं.

मग ती धारेला बसली. पण हात चालेना. म्हशीलाही माणसाचं मन कळतं. तिनं पान्हा चोरला आणि शेपटीचा एक सपकारा झुंबरबाईच्या तोंडावर ओढला. गाल चरचरला. पाच वाजून वीस मिनिटं झाली होती. नात पायरीवर एकटी बसली असेल, असं मनात आलं आणि झुंबरबाईचा सगळा ताठा पोटात गेला. तिनं म्हशी शेजारच्या पिराजीच्या हवाली केल्या आणि हातातली दुधाची किटली तशीच घेऊन निघाली. जुनी, जाड पत्र्याची, पाच लिटरची किटली. अर्धी भरलेली.

शालूबाईच्या दाराला कुलूप लागत होतं.

“पोरगी?” झुंबरबाईनं विचारलं.

“गेली की, आत्ताच. पावणं घेऊन गेलं, त्यांच्यापायी मलाबी उशीर झाला.”

“कुठलं पावणं?”

“आता पावणं म्हंजे पावणं. स्वप्नालीचा फोन आलता, पावणं येत्यात, त्यांच्याकडं द्या म्हणून. आलं, पोरगी दिली. म्हातारं हुतं. धोतर, कपाळाला इभूत. कानडी बोलत हुतं पोरीसंगं.”

झुंबरबाईनं तिथंच उभ्या उभ्या सगळे पावणे मोजले. व्याही राधानगरीला, गुडघ्यानं अंथरुणात. सुनेचा भाऊ विजयसिंह पुण्यात. जावई सांगलीला, त्याला धोतर नेसता येत नाही. कानडी बोलणारा एक नाही. हे गाव असं, की चोराला बांधतानाही विचारेल, पावणं, दोरी घट्ट न्हाय न्हवं. फोनही चोरानंच बायकी आवाजात केला असेल, असं तिच्या डोक्यात आलं. मग सकाळची चित्रफीत आली. सुनेला उलटा फोन लावावा हे मात्र आलं नाही. कापलेला फोन आपण कसा लावायचा.

ती गल्लीत येऊन ओरडली, माझी नात पळवली. एवढंच. पुढचं काम गल्लीनं केलं. तालमीतून लंगोटावरची पोरं बाहेर आली, कुणी हातात विटा घेतल्या, कुणी स्टंप. बायका गॅलरीतून दिशा दाखवत होत्या. पंचवीस-तीस माणसं झाली, आणि सगळ्यांच्या पुढं किटली घेतलेली साठीची बाई.

नदीच्या रस्त्याला वळणावर बर्फाच्या गोळ्याची गाडी उभी असते. तिथं ते दिसले. गुलाबी पटका बांधलेला म्हातारा, खांद्याला शेंगांची पिशवी, आणि त्याच्या मुठीत पिऊचं मनगट. पिऊ हात सोडवायला बघत होती आणि भोकाड पसरून रडत होती. तिला दुसरा गोळा पाहिजे होता आणि रस्त्यावरून ट्रॅक्टर चालले होते म्हणून तो मनगट सोडत नव्हता. पण हे नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसलं, की परका म्हातारा पोरीला ओढतोय.

म्हाताऱ्यानं माणसं येताना बघितली. तो आधी बिचकला. मग त्याची नजर झुंबरबाईच्या किटलीवर गेली आणि तो हसला. ओळखीचं माणूस भेटल्यावर हसतात तसा. त्यानं खिशात हात घातला, चिठ्ठी काढली आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढं धरली.

झुंबरबाईनं चिठ्ठी घेतली. निळ्या शाईच्या चार ओळी. मुंग्यांची रांग जावी तशी अक्षरं. माणसांनी कडं केलं होतं. पृथ्वीराजचा श्वास तिच्या मानेवर येत होता.

“काय लिवलंय, आजी?”

त्याच्या हातात तो कागद द्यायला अर्धा पळ लागला असता. पण बत्तीस वर्षं कट्ट्यावर पेपर उघडून बसणारी बाई तीस माणसांत काय म्हणणार?

“काय न्हाय,” ती म्हणाली. “खोटं हाय.”

आणि तिनं किटली फिरवली. अर्ध्या भरलेल्या किटलीचा काठ म्हाताऱ्याच्या डाव्या डोळ्यावर बसला. दूध उसळलं, पटका उडाला. त्यानं आवाज केला नाही, नुसता हात डोळ्यावर नेला आणि बोटांतून रक्त आलं. मग पोरं तुटून पडली. पहिला दांडका खांद्यावर, दुसरा गुडघ्यावर. तो खाली बसला. विटेनं कान फाटला. पृथ्वीराजनं छातीत लाथ घातली तेव्हा वाळलेली काटकी मोडावी तसा आवाज झाला. शेंगा रस्ताभर सांडल्या, त्यांच्यावरून पाय घसरत होते आणि तरी लाथा थांबत नव्हत्या. पडता पडता म्हातारा पिऊवर पालथा झाला.

“पोरीला चिरडतोय,” कुणीतरी ओरडलं, आणि मार दुप्पट झाला. चार जण त्याचे पाय धरून ओढत होते. तो सुटत नव्हता. कोपरं जमिनीत रोवून, पाठ वर करून, कासवासारखा तो त्या पोरीवर पसरला होता. पाठीवर दांडके पडत होते. तो कानडीत पुटपुटत होता, बाळा, बाळा, अळबेड. रडू नको म्हणून.

झुंबरबाईनं दुसरा घाव उचलला. तेवढ्यात तिला त्या पाठीखालून आवाज आला. माणसांच्या आरड्यात तो आवाज कुणाला ऐकू जाणं शक्य नव्हतं, पण नातीचा आवाज आजीच्या कानाला वेगळा लागतो.

“आजी, आज्जाला मारू नको. ते आईच्या गाडीतलं हाईत.”

किटली हवेत होती. ती खाली आली, पण दगडावर. मग झुंबरबाई पोरांच्या अंगावर पडली, नखांनी ओरबाडत, चावत. एकाच्या दंडाचा तिनं लचका तोडला तेव्हा कुठं मार थांबला. म्हाताऱ्याला बाजूला केला. पिऊ दुधानं आणि रक्तानं न्हाली होती. त्यातलं रक्त तिचं नव्हतं. तिच्या अंगावर ओरखडासुद्धा नव्हता.

सरकारी दवाखान्यात सात वाजता स्वप्नाली आली. धूळ, घाम, आणि डाव्या हाताला काळं तेल. तिनंच फौजदाराला सगळं सांगितलं. कागलजवळ गाडी बंद पडली. प्रवासी दुसऱ्या गाडीत बसवले, पण कंडक्टरला गाडी सोडून येता येत नाही. सासूबाई फोन उचलत नव्हत्या. सिद्धाप्पा गडहिंग्लजचे, दर गुरुवारी लेकीकडं शेंगा, लोणी घेऊन कोल्हापूरला येणारे. एरवी तिच्या गाडीशिवाय दुसऱ्या गाडीत बसत नाहीत. पाळणाघराला सुट्टी असली की ती आईबरोबर फेरी मारायची, पिऊ तेव्हा ह्यांच्याच मांडीवर बसायची. पोरीला घरी सासूबाईंच्या हातात द्या, त्यांच्याकडं किटली असते, असं तिनं सांगितलं, आणि त्यांना मराठी कळतं पण बोलता येत नाही म्हणून चिठ्ठीही लिहून दिली. शालूबाईला फोनवर म्हणाली, पावणं येत्यात. सवयीनं म्हणाली.

शालूबाईपुढंही म्हाताऱ्यानं चिठ्ठी धरली होती. पण दोन पोरं तिथं एकमेकांची नाकं फोडत होती. तिनं ती बघितलीच नाही.

डॉक्टर बाहेर आले. तीन बरगड्या मोडल्यात, जीव वाचेल. डावा डोळा गेला. सिद्धाप्पाची लेक शांतव्वा बाकड्यावर बसली होती. ती ओरडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. रक्तानं भिजलेला पटका मांडीवर घेऊन ती त्याला चिकटलेली शेंगांची टरफलं एकेक काढत होती. झुंबरबाईला वाटलं, हिनं उठून माझ्या झिंज्या धरल्या तर बरं होईल.

पृथ्वीराज आणि चार पोरांना पोलिसांनी भिंतीकडं तोंड करून बसवलं होतं. फौजदारानं त्याच्या कानाखाली वाजवली आणि विचारलं, म्हाताऱ्यानं चिठ्ठी दिली तर वाचली का नाही. पृथ्वीराज रडत म्हणाला, आजीनं वाचली. खोटं हाय म्हणाली.

स्वप्नालीनं मान वळवली.

“आई, माझं अक्षर तुमाला वळकलं न्हाय?”

झुंबरबाई भिंतीवरची पाटी बघत बसली. त्या पाटीवर काय लिहिलंय हेही तिला ठाऊक नव्हतं. चिठ्ठी तिच्या कमरेला, लुगड्याच्या ओच्यात होती आणि निखाऱ्यासारखी भाजत होती. फौजदार तिच्याकडं वेगळ्या डोळ्यांनी बघायला लागला. सुनेवरच्या रागानं बाईनं जाणूनबुजून मारलं, असा त्या नजरेचा अर्थ होता. झुंबरबाईला तो अर्थ चालला असता. दुष्ट म्हणून घेणं तिला अडाणी म्हणून घेण्यापेक्षा सोपं होतं. असं ती अजूनही मनाशी म्हणत होती.

तेवढ्यात कृष्णात आला. भट्टीवरून तसाच, अंगाला काळी वाळू. त्यानं आईला विचारलं नाही, म्हाताऱ्याचं विचारलं नाही. सरळ गेला आणि स्वप्नालीच्या तोंडावर थप्पड मारली. तिचा ओठ फुटला. दुसरी मारली तेव्हा ती खुर्चीसकट मागं गेली. पिऊ किंचाळली.

“उद्यापासनं नोकरी बंद,” तो म्हणाला. “तुझ्या त्या नोकरीपायी झालं हे.”

स्वप्नालीनं ह्याच हातांनी दारुड्याचे दात पाडले होते. आता ते हात तिच्या मांडीवर पडून होते. झुंबरबाईला तेच सोसलं नाही. सून लढते तोवर तिच्याशी भांडण्यात मजा होती.

तिसऱ्यांदा कृष्णातचा हात वर गेला, तो तिथंच अडकला. झुंबरबाईनं मनगट धरलं होतं. बत्तीस वर्षं आचळं पिळलेला हात. तिनं ते असं पिरगाळलं, की भट्टीवरचा गडी गुडघ्यावर आला. मग तिनं दुसऱ्या हातानं त्याच्या कपाळावरच्या जुन्या खोकेवर बोट टेकवलं.

“ही खोक कुणाच्या नोकरीपायी झाली, सांग. मला कुणी मारलं हुतं तवा?”

तिनं ओच्यातून चिठ्ठी काढली. दूध आणि घाम लागून कडा विरघळल्या होत्या, पण शाई शाबूत होती. ती तिनं सुनेपुढं धरली. म्हाताऱ्यानं तिच्यापुढं धरली होती तशी, दोन्ही हातांनी.

“वाच.”

“तुमालाच लिवलेली हाय ती, आई.”

“मला वाचाय येत न्हाय.”

पृथ्वीराजनं भिंतीकडचं तोंड वळवून बघितलं. झुंबरबाईला वाटलं होतं, हे बोलली की जमीन फाटेल. जमीन काही फाटली नाही. फाटायचं ते आधीच फाटून गेलं होतं.

स्वप्नालीनं फुटक्या ओठानं वाचलं. “आई, गाडी बंद पडली. हे सिद्धाप्पा आजोबा आपले पावणं हाईत, पिऊला तुमच्याकडं घेऊन येत्यात. लांबनं आल्यात. त्यांना चहा पाजा. सकाळचं मनावर घेऊ नका. स्वप्नाली.”

शांतव्वाचे हात पटक्यावर थांबले. झुंबरबाई तिच्यापुढं जाऊन उभी राहिली. माफी मागायला तोंड उघडलं, पण त्या तोंडाला ते कधी शिकवलेलंच नव्हतं. शांतव्वानं वर बघितलं आणि एवढंच म्हणाली, “तुमी जावा हितनं, अव्वा.” झुंबरबाई गेली. फौजदारापुढं जाऊन बसली.

जबाब एका तरुण बाई हवालदारानं लिहून घेतला. झुंबरबाईनं काहीच आडपडदा ठेवला नाही. कापलेले तीन फोन सांगितले, किटली सांगितली, खोटं हाय म्हटलेलं सांगितलं. पृथ्वीराजच्या लाथा मात्र पृथ्वीराजलाच ठेवल्या. म्हणाली, पोराला सोडा असं म्या म्हणत न्हाय, पण त्याला धाडलं म्या. मधेच ती लेकाकडं वळली.

“म्या आत गेलो तर पाचला पोरगी तू आणायची. साहेबाला सांग, दिवसपाळी दे. ही उद्या ड्युटीवर जाईल.”

“आई, साहेब देणार न्हाय.”

“त्यो दील न्हाय तर तूबी नोकरी सोड. हिला सांगत हुतास की, सोपं असंल.”

स्वप्नालीनं पिऊला कडेवर घेतलं होतं. ती नवऱ्याकडं बघत नव्हती आणि सासूकडंही नाही. त्या दोन थपडा काही घरी जाऊन मिटणाऱ्या नव्हत्या, हे झुंबरबाईला दिसत होतं. त्याचा निवाडा सून करेल, तिला करू द्यावा.

हवालदारीणबाईनं कागद पुढं सरकवला आणि पेन दिलं. सही करा, आजी. झुंबरबाईनं पेन धरलं, टोक कागदाला टेकवलं, आणि थांबली.

“वाचून दाव आधी.”

हवालदारीणबाईनं वाचलं. सगळं, पहिल्यापासून. झुंबरबाई कान देऊन ऐकत होती.

“पयला हात माझा, हे लिवलंय न्हवं?”

“लिहिलंय, आजी.”

“कुठं? बोट ठेव.”

तिनं बोट ठेवलं. झुंबरबाई वाकली. त्या बोटाखालच्या मुंग्यांकडं तिनं बराच वेळ बघितलं, एकेक करून, जणू त्यातली एक तरी ओळख देईल. मग खाली सही केली. दोन टिंबं द्यायची राहिली.